तिच्या मापाचं पिस्तूल

काउंटरपलीकडच्या माणसानं काचेखालून एक रिव्हॉल्वर काढलं, ते रिकामं असल्याची खात्री केली आणि माझ्यासमोर ठेवलं. घ्यायचं होतं ताईला. ती माझ्या शेजारीच उभी होती, तरी पुढची पाच मिनिटं तो माझ्याशीच बोलत होता. तिला हे नक्की आवडेल, असं त्यानं मला सांगितलं. रिव्हॉल्वर तळहाताएवढं, मूठ गुलाबी. मी हात मागे घेतला आणि ताईकडे बोट दाखवलं.

गंमत अशी की त्या दुकानात जेवढी माणसं होती, त्यांत बहुधा मीच एकटा असा होतो की ज्याला ते विकत घेता येत नव्हतं. मी अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर आहे. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, इथं बंदूक बाळगता येत नाही. ताईकडे ग्रीन कार्ड आहे, तिला येते.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. डॅलसजवळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती रात्रपाळी करते. मी ऑस्टिनला, गाडीनं तीन तासांवर. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? यंत्रातलं तुला कळतं. मला एक पिस्तूल निवडायला मदत कर." मी सॉफ्टवेअरवाला आहे आणि आमच्या घरात शस्त्र म्हणजे दसऱ्याला हळदीकुंकू वाहायची विळी, हे मी तिला सांगून पाहिलं. ती हसली नाही. पार्किंगमध्ये पहाटे कुणीतरी थांबलेलं दोनदा दिसलं, एवढंच म्हणाली.

मग मला जे येतं ते मी केलं. एक्सेलची शीट उघडली. वजन, नळीची लांबी, चाप ओढायला लागणारा जोर, किंमत, असे रकाने केले. आठवडाभरात शीट अर्धवटच राहिली आणि मी जुन्या जाहिराती वाचत बसलो. कारण प्रत्येक रकान्यामागे एक इतिहास निघत होता आणि त्या इतिहासात बाईसाठी पिस्तूल निवडणारी बाई क्वचितच सापडत होती.

*

सुरुवात १८८७पासून करू. त्याआधीही बायकांची म्हणून लहान पिस्तुलं होतीच. थंडीत हात घालायच्या लोकरी मफमध्ये मावतील अशी एकबारी पिस्तुलं युरोपात विकली जात. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरच्या पिस्तुलावरून तर खिशातल्या चिमुकल्या पिस्तुलाला डेरिंजर हे नावच पडलं. लिंकनचा खून त्यानंच झाला, आणि करणारा पुरुष होता. पण १८८७ साली मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं जे रिव्हॉल्वर आणलं, त्यात पहिल्यांदा 'वापरणारा हात कुणाचा' हा प्रश्न यंत्राच्या रचनेत शिरलेला दिसतो.

त्याचं नाव सेफ्टी हॅमरलेस. रिव्हॉल्वरच्या मागे जो घोडा असतो, जो खिशाच्या किंवा पर्सच्या अस्तरात अडकतो, तो यात आत झाकून टाकला होता. शिवाय मुठीच्या मागच्या अंगाला एक पट्टी होती. मूठ पूर्ण आवळून ती पट्टी दाबल्याशिवाय चाप ओढलाच जात नसे. लोकांनी त्याला लिंबू पिळायचं यंत्र असं टोपणनाव दिलं. या पट्टीची एक कथा सांगतात. डॅनियल वेसननं एका लहान मुलाला बापाच्या रिव्हॉल्वरनं इजा झाल्याचं ऐकलं, तो बेचैन झाला आणि त्यानं हे यंत्र काढलं. कथेत भर किती आणि खरं किती ते सोडून देऊ. पण यंत्र मात्र त्या कथेशी जुळणारं आहे. लहान मुलाच्या हातात मूठ आवळून त्याच वेळी चाप ओढण्याइतका जोर नसतो.

मला यात जे आवडलं ते सांगतो. इथं बाईसाठी म्हणून काही केलेलं नाही. धोका काय आहे ते ओळखून (अस्तरात अडकणारा घोडा, घरातलं मूल) त्यावर धातूत उत्तर शोधलं आहे. आम्ही ज्याला चांगलं डिझाइन म्हणतो ते हेच.

त्याच दशकांत सायकल आली आणि बायका एकट्या रस्त्यावर दिसू लागल्या. फ्रान्समध्ये गालां नावाच्या बंदूककारानं खास सायकलस्वारांसाठी एक छोटं रिव्हॉल्वर काढलं, कुत्र्यांसाठी. म्हणजे मागे लागणाऱ्या कुत्र्यांवर झाडायला. त्याचं नाव व्हेलो-डॉग. पुण्यात रात्री अकरानंतर दुचाकीवरून गल्लीत शिरणाऱ्या कुणालाही गालांची कळकळ समजेल, उपाय नव्हे.

१९०२मध्ये स्मिथ अँड वेसननंच लेडीस्मिथ आणलं. बाईचं म्हणून नाव दिलेलं हे त्यांचं पहिलं हत्यार. पॉइंट २२ची बारीक गोळी, सात घरांचं चक्र, वजन पाव किलोहून थोडंच जास्त. नाव लेडी आणि स्मिथ यांचं जोडून केलेलं, पण त्याच्या दोनच वर्षं आधी दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथ गावाचा वेढा जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजलेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे लेडीस्मिथ १९२१पर्यंत बनत होतं. ते बंद का झालं याची एक दंतकथा आजही बंदुकांच्या दुकानांत ऐकवतात. ते वेश्यांमध्ये लोकप्रिय असल्याचं समजल्यावर धर्मनिष्ठ डॅनियल वेसन संतापला आणि त्यानं उत्पादन थांबवलं, अशी. आमच्या पहिल्या दुकानदारानंही ती मला, म्हणजे अर्थात मलाच, डोळा मिचकावून सांगितली. डॅनियल वेसन १९०६ साली वारला. मेलेल्या माणसानं पंधरा वर्षांनी कारखान्याला हुकूम दिला असणार. कथा टिकली याचं कारण मला वाटतं असं की, तिच्यात बाईच्या हातातल्या पिस्तुलाबद्दलची अस्वस्थता एका ओळीत बसते. सभ्य बाईला ते हवं असेल तर आपण कौतुकानं विकू, आणि खरी गरज असलेल्या बाईनं ते घेतलं तर तो कलंक. रात्री अनोळखी पुरुषांबरोबर एकटी जाणारी बाई, तिच्याइतकी स्वसंरक्षणाची गरज त्या काळात आणखी कुणाला असणार होती?

*

जाहिरातींकडे येतो, कारण माझा बराच आठवडा तिथंच गेला.

मॅसॅच्युसेट्सच्याच फिचबर्गमध्ये आयव्हर जॉन्सन नावाची कंपनी होती. स्वस्त रिव्हॉल्वर बनवायची. १९०१मध्ये अध्यक्ष मॅकिन्लेंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच कंपनीच्या पॉइंट ३२ रिव्हॉल्वरमधून. त्यांचं रिव्हॉल्वर खाली पडलं किंवा घोड्यावर हातोडी मारली तरी उडत नसे, आणि जाहिरातींचा सगळा भर त्यावर होता. १९०४च्या सुमाराच्या एका जाहिरातीत एक लहान मुलगी पलंगावर बसली आहे, शेजारी तिची बाहुली, आणि हातात रिव्हॉल्वर. बाबा म्हणतात यानं आपल्याला काही होणार नाही, अशा अर्थाची ओळ खाली छापली आहे. मी ते चित्र ताईला पाठवलं. तिनं उत्तरात फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

सॅव्हेज कंपनीनं पुढच्या दशकात दहा गोळ्यांचं पिस्तूल आणलं आणि ते घरी एकट्या असलेल्या बाईला विकायला सुरुवात केली. बोट रोखावं तितकं नेम धरणं सोपं, असं ते सांगत. त्यासाठी त्यांनी बॅट मास्टरसन या पश्चिमेकडच्या गाजलेल्या माजी शेरीफकडून एक पुस्तिका लिहून घेतली होती. नवख्या माणसालाही आता मुरलेल्या बंदूकबाजासमोर उभं राहता येईल, असा तिचा सूर. या सगळ्या जाहिरातींत धोका ठरलेला आहे. तो खिडकीतून येतो. तो अनोळखी असतो. आणि बाई ज्या घरात बसली आहे ते घर, तिचा नवरा घरी असो की बाहेरगावी, सुरक्षितच असतं.

या काळात एक बाई मात्र वेगळं बोलत होती आणि तिला बोलायचा अधिकार होता. अ‍ॅनी ओकली, ओहायोची, जन्म १८६०. उंची पाच फुटांच्या आसपास. बफेलो बिलच्या खेळात तिनं नेमबाजीनं जग जिंकलं. ज्याच्याशी लग्न केलं त्या फ्रँक बटलरलाही तिनं आधी नेमबाजीतच हरवलं होतं. १८९८मध्ये स्पेनशी युद्ध पेटायच्या बेतात असताना तिनं अध्यक्ष मॅकिन्लेंना पत्र लिहून पन्नास नेमबाज स्त्रियांची तुकडी देऊ केली होती. बंदुका आणि काडतुसं त्यांची स्वतःची. ती ऑफर स्वीकारली गेली नाही. पुढे उत्तर कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला तिनं कित्येक बायकांना नेमबाजी शिकवली.

ओकलीचं म्हणणं साधं होतं. पर्सच्या तळाशी रुमाल, किल्ल्या, नाणी यांच्या खाली दडलेल्या रिव्हॉल्वरचा ऐन वेळी काही उपयोग नाही. धोका वाटत असेल तेव्हा ते हातात हवं आणि हात सरावाचा हवा. कुठलं पिस्तूल बाईचं आणि कुठलं पुरुषाचं, या वादात ती पडलेली दिसत नाही. तिच्या बंदुका तिच्या मापाच्या होत्या. त्या 'लेडीज' नव्हत्या.

*

मधली चाळीस-पन्नास वर्षं मी भराभर ओलांडतो. थेट १९६६, ऑरलँडो, फ्लोरिडा. शहरात बलात्काराच्या घटना वाढल्या आणि बायका पिस्तुलं विकत घेऊ लागल्या. ती चालवता येत नाहीत हे पाहून तिथल्या पोलिसांनी आणि वर्तमानपत्रानं मिळून प्रशिक्षण सुरू केलं. ऑक्टोबर १९६६ ते मार्च १९६७ या काळात सुमारे अडीच हजार स्त्रिया त्यातून गेल्या. १९६७मध्ये शहरातल्या नोंदवलेल्या बलात्कारांचं प्रमाण जवळपास ८८ टक्क्यांनी घटलं.

हा आकडा अमेरिकेत बंदुकीच्या बाजूनं बोलणारे गेली चाळीस वर्षं सांगत आहेत. दुसऱ्या बाजूच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की एवढ्या छोट्या शहरात वर्षाला अशा नोंदींची संख्याच इतकी कमी असते की ती अशीही दरवर्षी उड्या मारते. दहा वापरकर्त्यांवर चाचणी घेऊन अ‍ॅप यशस्वी ठरवण्यासारखं आहे हे. मला स्वतःला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या अडीच हजारजणी शिकायला आल्या होत्या. पिस्तूल त्यांनी आधीच घेतलं होतं, कुणी निवडून दिलेलं किंवा काउंटरवर जे समोर आलं ते.

१९८९ साली दोन गोष्टी एकदम झाल्या. पॅक्स्टन क्विग्ली या बाईंचं 'आर्म्ड अँड फीमेल' पुस्तक आलं. रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर बंदूकबंदीसाठी काम केलेली ही बाई आता स्त्रियांना पिस्तूल घ्यायला सांगत होती. आणि त्याच वर्षी स्मिथ अँड वेसननं लेडीस्मिथ हे नाव पुन्हा बाहेर काढलं. या वेळी पॉइंट २२ नव्हे, पॉइंट ३८चं पाच गोळ्यांचं पोलादी रिव्हॉल्वर. १९५०पासून बनत असलेल्या त्यांच्याच जुन्या मॉडेलला सडपातळ लाकडी मूठ लावून केलेलं. तीन वर्षांनी कोल्टनं 'लेडीज होम जर्नल' या गृहिणींच्या मासिकात जाहिरात दिली. आई मुलीला झोपवते आहे, आणि खाली पिस्तुलांची चित्रं. आयव्हर जॉन्सनच्या पलंगाला नव्वद वर्षं होत आली होती. पलंग तोच होता.

यात आपलाही एक अध्याय आहे. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं 'निर्भीक' हे रिव्हॉल्वर बाजारात आणलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या घटनेतल्या मुलीला माध्यमांनी दिलेल्या निर्भया या नावावरून ते नाव घेतलेलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, पॉइंट ३२ बोअर, सहा गोळ्या, किंमत १,२२,३६० रुपये. मखमली डबीत मिळायचं, दागिन्यासारखं. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होतो. वर्गातल्या मुली लोकलनं येत, पास काढायला पैसे पुरत नाहीत म्हणून कुरकुरत. सव्वा लाखाचं पिस्तूल नेमकं कुणाच्या पर्ससाठी, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. मणिपूरमध्ये बंदुकीनं विधवा झालेल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्रम यांनी त्या वेळी या कल्पनेवर कडाडून टीका केली होती. सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, ते बाईच्या पर्समध्ये ढकलता येत नाही, असा तिचा रोख. आणि बोअर पॉइंट ३२च का? कारण भारतात नागरिकाला पॉइंट ३८ किंवा नऊ मिलिमीटरचं घेता येत नाही, ते निषिद्ध बोअर. म्हणजे बाईसाठी किती मोठी गोळी, हेही आधीच दुसऱ्या कुणी ठरवलेलं.

*

आता शीटकडे. लहान आणि हलकं म्हणजे बाईचं, ही समजूत सव्वाशे वर्षं टिकली. शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानापुढे ती पाच मिनिटंही टिकत नाही.

नऊ मिलिमीटरची एक नेहमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची असते आणि सेकंदाला ३५० मीटर वेगानं निघते. गोळी पुढे जाते तेवढ्याच संवेगानं पिस्तूल मागे येतं. दारूचा वायू हिशोबात धरला नाही तर एक किलोचं पिस्तूल सेकंदाला २.६ मीटर वेगानं मागे येईल, अर्ध्या किलोचं ५.२ मीटरनं. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. वजन निम्मं झालं की हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे ज्या हलक्या पिस्तुलाला दुकानदार नाजूक हातासाठी म्हणतो, ते नाजूक हाताला सगळ्यात जास्त मारतं. नळी आखूड असल्यानं नेमही चुकतो. वर, लहान रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. अर्ध्या किलोची वस्तू स्थिर धरून तिच्याच एका भागावर दहापट जोर लावायचा. हे करून पाहा, रिकाम्या स्टेपलरवर सुद्धा हात थरथरतो.

मोठं पिस्तूल तरी सोपं का? त्यात मूठ आड येते. तळहाताच्या वळणापासून चापापर्यंतचं अंतर बोटाहून जास्त असेल तर बोटाचं टोक कसंबसं पोचतं आणि पिस्तूल एका बाजूला वळतं. दशकानुदशकं ही मूठ एकाच मापाची होती. ते माप कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. आम्ही याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो. कुणीतरी एकदा टाकून ठेवलेली, पुढे कुणीच न तपासलेली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस वॉल्थरनं मुठीची मागची पट्टी बदलता येईल असं पिस्तूल आणलं आणि पुढे बाकीच्यांनीही ते केलं. बुटाला नंबर असतो तसं पिस्तुलाला माप आलं. त्यासाठी विसावं शतक संपावं लागलं.

आणि २०१८मध्ये स्मिथ अँड वेसननं ज्यांच्या हातात जोर कमी आहे अशांसाठी एक पिस्तूल काढलं. वरची स्लाइड मागे ओढणं, जे अनेकींना जमत नाही, ते त्यात मुद्दाम सोपं केलं होतं. नावात लेडी नव्हतं. रंग काळा. संधिवाताचे आजोबाही तेच घेतात. त्याची रचना पाहताना मी एका जागी थांबलो. मुठीच्या मागच्या अंगाला पट्टी होती. मूठ आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. १८८७ची लिंबू पिळायची पट्टी.

हे सगळं मी ताईला दुसऱ्या फेरीच्या वेळी गाडीत सांगत होतो. ती पहिल्या दुकानात परत जाणार नव्हती. आम्ही एका सरावाच्या रेंजवर चाललो होतो, जिथं तासावर पिस्तुलं मिळतात आणि शिकवणारी एक बाई आहे. ताई बराच वेळ ऐकत राहिली.

*

शीटमध्ये एक रकाना असा होता की जो मी तिला दाखवला नव्हता.

१९९२मध्ये आर्थर केलरमन आणि जेम्स मर्सी यांनी एफबीआयकडच्या १९७६ ते १९८७ या बारा वर्षांच्या खुनांच्या नोंदी तपासल्या. नवऱ्यानं किंवा जवळच्या पुरुषानं गोळी घालून मारलेल्या बायकांची संख्या, अनोळखी माणसांनी बंदूक, सुरी, हात, कशानंही मारलेल्या बायकांच्या दुपटीहून जास्त निघाली. २००३मध्ये जॅकलिन कॅम्पबेल यांनी अकरा शहरांतली प्रकरणं तपासली. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता पाचपटीहून वाढते, असं त्यात दिसलं. सव्वाशे वर्षांच्या जाहिरातींतला तो खिडकीतून येणारा माणूस मुख्यतः चित्रातच होता.

दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियाचा, २०२०चा. पिस्तूल बाळगणाऱ्या बायकांनी बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्या बायकांच्या पस्तीसपट होतं. घटस्फोटाला वर्ष झालेली, रात्रपाळी करणारी, एकटी राहणारी बहीण शेजारी बसली असताना हा आकडा कसा काढायचा? मी म्हटलं, "ताई, झोप लागते का तुला?"

तिला कळलं. "माझ्या डोक्यात तसलं काही नाही," ती म्हणाली. "असलंच तर तुला फोन करीन. आणि तू तीन तासांवर आहेस, तर त्याआधी शेजारच्या काकूंना करीन." मग थोडा वेळ गेला. हायवेवर फलक मागे पडत होते. "पार्किंगमधला माणूस कोण ते मला माहितीये," ती म्हणाली.

ज्याला मी चार वर्षं जिजू म्हणत होतो, तो.

"त्याच्याकडे एक आहे," ताई म्हणाली. "घराच्या रक्षणासाठी म्हणून घेतलं होतं. तेव्हाही दुकानात मी अशीच शेजारी उभी होते."

मी गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर घेतली. तिथं चहा नावाचं जे काही मिळतं ते प्यायलो आणि माझी शीट बंद केली. कारण तिच्यात एक प्रश्न नव्हताच. तिच्या हातात कुठलं पिस्तूल द्यावं हे १९०२पासून सगळे विचारत आले. त्याच्या हातातलं काढून घ्यावं का, हे अमेरिकेच्या कायद्यानं १९९४ साली विचारलं. ज्या माणसाविरुद्ध, त्याला नोटीस देऊन आणि बाजू मांडायची संधी देऊन, न्यायालयानं जोडीदाराच्या संरक्षणाचा आदेश काढला आहे, त्यानं तो आदेश असेपर्यंत बंदूक बाळगणं तेव्हापासून केंद्रीय गुन्हा आहे. १९९६मध्ये घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेलेही त्यात आले. कोल्टची ती झोपवणाऱ्या आईची जाहिरात या कायद्याच्या दोन वर्षं आधीची.

हा कायदाही जाता जाता वाचला. झॅकी रहिमी हा टेक्ससचाच, आर्लिंग्टनचा, म्हणजे डॅलसला लागूनच. डिसेंबर २०१९मध्ये एका पार्किंगमध्ये त्यानं मैत्रिणीला फरफटत गाडीत कोंबलं आणि कुणी पाहतंय हे लक्षात आल्यावर बंदूक झाडली. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश निघाला. त्यानंतरही त्याच्याकडे बंदुका सापडल्या, तेव्हा त्याच्या वकिलांनी १९९४चा कायदाच घटनाबाह्य ठरवावा असा दावा केला, आणि अपील न्यायालयानं तो २०२३मध्ये मान्य केला. स्थापनेच्या काळात असा कायदा नव्हता, म्हणून. १७९१ साली मारकुट्या नवऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा नव्हता, हे खरंच आहे. तेव्हा त्यानं मारणं हाच फारसा गुन्हा नव्हता. २१ जून २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वाचवला.

ताईला यातलं बरंचसं माहीत होतं. वकील तिनं माझ्या आधीच गाठली होती. आदेशासाठी अर्ज दिला होता, सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. तात्पुरता आदेश हातात होता, पण केंद्रीय बंदी लागू होते ती सुनावणीनंतरच्या आदेशाला. मधल्या तीन आठवड्यांसाठी तिला पिस्तूल हवं होतं. मला तिनं हे आधी सांगितलं नव्हतं, कारण मी आईला सांगितलं असतं आणि माझ्या आईनं मावशीला. हे अगदी बरोबर होतं.

रेंजवर मी काचेच्या अलीकडे बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा ताईचा तळहात स्वतःच्या तळहाताला लावून पाहिला, मग चार पिस्तुलं मांडली. गुलाबी एकही नव्हतं. जे सर्वांत लहान होतं त्यानं दोन गोळ्यांत तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला, ते तिनं खाली ठेवलं. तिसरं सर्वांत जड होतं. त्याची मागची पट्टी बाईंनी काढून सर्वांत बारीक बसवली. कागदावर पाच भोकं पडली, एका बशीत मावतील इतक्या जवळ. ताईनं मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा पाच भरल्या.

दुकान शेजारीच होतं. आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पिस्तूल तिच्यासमोर ठेवलं आणि फॉर्मही. पिस्तूल विकत घेणाऱ्यानं भरायचा केंद्रीय फॉर्म असतो, नाव-पत्ता आणि मग प्रश्नांची रांग. गुन्हा सिद्ध झाला आहे का, फरार आहात का, मादक द्रव्यं घेता का. ताई चष्मा लावून एकेक वाचत 'नाही'वर खूण करत होती. जोडीदाराला धमकावणं किंवा त्याचा पाठलाग करणं यापासून तुम्हाला रोखणारा न्यायालयाचा आदेश आहे का, या प्रश्नावर तिचं पेन थांबलं.

"हे त्यालाही विचारतील ना?" तिनं मला विचारलं.

"दुकानातून नवीन घेतलं तर विचारतील," मी म्हटलं. "कुणा ओळखीच्याकडून घेतलं तर टेक्ससमध्ये विचारत नाहीत. आणि जे आधीच घरात आहे, त्याचं तो आदेश आल्यावर."

तिनं मान हलवली, 'नाही'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.